दळणाचा दर पाटीवर लिहिलेला असतो

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. नाव देऊ नका असं तिने कळवलंय, म्हणून गावाचंही नाव गाळलंय.

‘ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचवं सेमिस्टर चालू आहे. सीजीपीए ७.४, गणिताची एक केटी, म्हणजे नापास झालेला पेपर, अजून राहिलीय. बाबांची गावात पिठाची गिरणी आहे. धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे, म्हणजे पुढच्या वर्षी दोघांच्या फिया एकदम येणार. त्याआधी मला थोडं तरी कमवायला लागायचंय. गेल्या आठवड्यात एका कंपनीकडून सिलेक्शन झाल्याचं पत्र आलं. वेब डेव्हलपमेंटची दोन महिन्यांची ऑनलाइन इंटर्नशिप आहे, पण आधी ५,९९९ रुपये भरायचे, मग सर्टिफिकेट. वर्गातल्या सहा-सात जणांनी भरलेसुद्धा. कॉलेजला क्रेडिटसाठी सर्टिफिकेट हवंच आहे. बाबा म्हणतात, लागत असतील तर देतो. शिवाय पुण्याच्या एका क्लासचे फोन येतात, ४५,००० भरा, नोकरीची हमी. आमच्या कॉलेजात मोठ्या कंपन्या येत नाहीत, माझं इंग्रजी कच्चं आहे, ओळख कुणाशीच नाही. जावा येतं, पायथन थोडं. मी काय करू?

ता. क. प्रोजेक्ट म्हणाल तर मिनी प्रोजेक्टला लायब्ररी मॅनेजमेंट केलं होतं, सगळे करतात तेच. गावच्या दूध डेअरीत सचिवकाकांना बिलं काढायला एक एक्सेल फाइल करून दिली होती. ती ते दीड वर्ष वापरतायत. पण ते घरचंच काम.’

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ५,९९९ या आकड्याशी थांबले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ताज्या कलमाशी. आधी आकड्याबद्दल बोलू, कारण त्याची घाई आहे. डेअरीबद्दल मग सविस्तर बोलायचंय.

पैसे भरू नकोस. ज्यांनी भरले त्यांनाही नावं ठेवू नकोस, क्रेडिट जाईल या भीतीने भरलेत बिचाऱ्यांनी. पण हा व्यवहार काय आहे ते नीट बघ. इंटर्नशिप म्हणजे काम. तू राबणार, उपयोग त्यांना होणार, तर पैसे त्यांच्याकडून तुझ्याकडे यायला हवेत. इथे मुलाखत झाली नाही, तुझा एक ओळ कोड कुणी पाहिला नाही, तरी निवड झाली. म्हणजे निवडलंय ते तुझ्या बाबांच्या खिशाला. भरल्यावर बहुतेक ठिकाणी मिळतं ते असं: एक लॉगिन, काही रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, कॅलक्युलेटर किंवा टू-डू लिस्टसारखे दोन-तीन ठरीव प्रोजेक्ट आणि शेवटी एक पीडीएफ. मी ऑफिसात नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. रिझ्युमेवर अशी पीडीएफ दिसली की मी तिच्याबद्दल काहीच विचारत नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही नसतं. उमेदवार मात्र वाट बघत असतो, की आता याबद्दल विचारतील. त्या क्षणी मला फार वाईट वाटतं, कारण ते पैसे कुठून आलेले असतात ते मला माहीत असतं.

पुढेही अशी पत्रं येत राहतील, म्हणून थोडक्यात सांगते. नोंदणी फी, सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंगचा खर्च, लॅपटॉपचा विमा, नाव काहीही असो, काम देण्याआधी पैसे मागितले की तिथे थांबायचं. कंपनी खरीच नोंदलेली आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव टाकून कुणालाही बघता येतं. नोंदणी असली म्हणजे कंपनी चांगली असं मुळीच नाही, पण नोंदणीच नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही. आणि घरबसल्या फॉर्म भरण्याच्या, टायपिंगच्या कामांपासून तर चार हात लांब राहा. त्यात आधी करारावर सही घेतात, मग अचूकता कमी भरली म्हणतात आणि वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून उलट पैसे मागतात. कुणी मैत्रीण त्यात अडकली असेल तर तिला एक पैसाही भरू देऊ नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे तक्रार करायची आणि घरी सांगायचं. घरी सांगणंच सगळ्यात अवघड जातं, आणि फसवणारे नेमके त्याच भरवशावर असतात.

पंचेचाळीस हजारांच्या क्लासलाही माझं उत्तर नाही असंच आहे. नोकरीची हमी क्लास देऊच शकत नाही, कारण नोकरी देणारा तिसराच असतो. शिकायचंच असेल तर एनपीटीईएल या सरकारी मदतीने चालणाऱ्या ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अख्खे कोर्स फुकट आहेत, पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं असेल तरच. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये तर बरेच धडे मराठीतून ऐकता येतात.

आता कॉलेजच्या सर्टिफिकेटचं. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, इंटर्नशिप धोरणात फक्त मोठ्या कंपन्या धरलेल्या नाहीत. लघुउद्योग, सरकारी कार्यालयं, स्वयंसेवी संस्था, ग्रामीण भागातलं काम हेही त्यात बसतं. तेव्हा उद्याच टीपीओ सरांकडे (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) जा आणि सरळ विचार: ‘सर, नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेत सॉफ्टवेअरचं काम केलं, त्यांच्या लेटरहेडवर तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून आणलं, तर क्रेडिटला चालेल का?’ तोंडी हो म्हणाले तरी पुरे नाही, तेच ईमेलवर विचारून उत्तर घेऊन ठेव. नाही म्हणाले तर विभागप्रमुखांकडे जा. नियम कॉलेजागणिक थोडे बदलतात, पण लेखी विचारणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा कुणी उडवून लावत नाही.

आलो डेअरीवर. तू लिहिलंस, ‘ते घरचंच काम.’ अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे! लायब्ररी मॅनेजमेंट कुणीही कधी वापरलं नाही, मार्क मिळाले आणि ते पेन ड्राइव्हमध्ये झोपलं. दूधबिलाची फाइल दीड वर्ष रोज उघडली जातेय. तुझ्या वर्गात असं सांगू शकणारे किती जण असतील?

डेअरीचं काम जवळून पाहिलेल्या माणसाला कळेल, की त्या फाइलमध्ये काय काय आलं असेल. सकाळ-संध्याकाळ दोन वेळचं संकलन. प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा मूळ दर, त्याच्या वर-खाली पॉइंटागणिक वाढ नि कपात. म्हशीचं दरपत्रक वेगळं. दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पेंडीची उचल वजा, ॲडव्हान्स वजा. संघाने मध्येच दर बदलला तर बिल दोन दरांत तोडायचं. कुणाचं फॅट चुकून ३.८ ऐवजी ८.३ पडलं तर ते कुणाच्या लक्षात येणार? पैसे वर गोल करायचे की खाली, आणि हजार बिलांत त्या पैशांचा फरक कुणाच्या खात्यात जाणार? लोक यावर डेअरीच्या कट्ट्यावर भांडतात, तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुलाखतीत मी विचारते ते प्रश्न याहून वेगळे नसतात. चुकीची नोंद आली तर तुझा प्रोग्राम काय करतो? दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर? वीज गेली तर? नियम बदलला तर जुनी बिलं तशीच राहतात की बिघडतात? पुस्तक वाचून आलेली मुलं इथे अडखळतात. तुझ्याकडे यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं सचिवकाकांच्या तक्रारींमधून आपोआप जमलेली असणार.

म्हणून पुढचे दीड-दोन महिने नवं काही शोधू नकोस, हेच काम पुढे ने. एक्सेलमधून ते छोट्या ॲप्लिकेशनमध्ये आण. पायथन, फ्लास्क (पायथनमध्ये वेब ॲप्लिकेशन बनवायचं साधन) आणि एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये बसणारा डेटाबेस) एवढं पुरे. डेअरीत एकच संगणक असेल तर याहून जास्त काही लागतही नाही. रोज संध्याकाळी बॅकअप आपोआप दुसऱ्या ठिकाणी जायला हवा. बिलाचा हिशोब करणारा भाग वेगळा ठेव आणि त्याच्यासाठी टेस्ट, म्हणजे हिशोब बरोबर येतो का हे तपासणारा कोड, लिही. जुन्या दहा दिवसांची खरी बिलं घे आणि तुझा प्रोग्राम पैशापर्यंत तीच रक्कम काढतो का ते ताडून बघ. न जुळणारं एखादं बिल निघेलच. ते का जुळलं नाही हे शोधून लिहून ठेव, कारण मुलाखतीत सांगायला त्याहून चांगली गोष्ट तुला मिळणार नाही.

मग ते गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवायच्या वेबसाइटवर, टाक. मात्र एक गोष्ट फार जपून कर. गवळ्यांची खरी नावं, खाते क्रमांक, मोबाइल नंबर यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. खोटी नावं, खोटे आकडे घालून नमुना तयार कर आणि खरी फाइल चुकूनही गिटमध्ये जाणार नाही अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेव. गावाने विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. रीडमीत, म्हणजे कोडबरोबर ठेवायच्या माहितीच्या फाइलमध्ये, साध्या इंग्रजीत चार परिच्छेद लिही: कुणाची अडचण होती, आधी बिलाला किती वेळ लागायचा, आता किती लागतो, चालवायचं कसं. किती वेळ वाचतो ते सचिवकाकांना विचारून खरा आकडा घाल, अंदाजाने फुगवू नकोस. इंग्रजी कच्चं आहे म्हणतेस, पण रीडमीला लागतात ती छोटी, सरळ वाक्यं, आणि ती तुला येतात. रिझ्युमे एक पानाचा ठेव आणि त्यात सगळ्यात वर हे काम घाल. केटी लपवू नकोस, पण तिच्याबद्दल पानभर खुलासाही नको. फक्त पुढच्या खेपेला ती काढून टाक, कारण बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना चालू बॅकलॉग, म्हणजे राहिलेली केटी, नको अशी अट घालतात.

आता पैशांकडे येते. खरं तर सगळ्यात जास्त मला यावरच बोलायचं होतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना गावातल्या एका खासगी क्लासच्या सरांना फीचा हिशोब ठेवायचा प्रोग्राम करून दिला होता. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली. पैशांचं आधी बोलणं झालंच नाही. देताना ते म्हणाले, ‘बघू गं नंतर.’ मी मान डोलावली. पुढे कित्येक वर्षं त्यांनी तो वापरला, दर जूनमध्ये काही अडलं की निरोप यायचा आणि मी जाऊन दुरुस्त करून यायचे. एकदा आईला म्हटलं, मागू का पैसे? ती म्हणाली, ‘चार ओळखीच्या माणसांत पैसे कसले मागतेस, बरं दिसत नाही.’ मी मागितले नाहीत. रक्कम गेली त्याचं आज एवढं वाटत नाही. पण माझ्या कामाला किंमत असते हे मला त्यानंतर बऱ्याच उशिरा कळलं. पहिल्या नोकरीत पगार किती हवा असं विचारलं तेव्हाही मी ‘तुम्ही द्याल तो’ म्हणाले होते, आणि त्यांनी तो तसाच दिला.

तुझ्या बाबांच्या गिरणीत पाटी असेल. गहू, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, प्रत्येकाचा किलोचा दर. शेजारची मावशी दळण घेऊन आली तरी वजन होतं, दर लागतो, ती पैसे देते, आणि कुणाच्या मनात येत नाही की बाबा लोभी आहेत. ओळखीच्या माणसाला फार तर वरचे दोन रुपये सोडतील, पण दळण फुकट नसतं. मग दीड वर्ष चाललेल्या तुझ्या कामाला पाटी का नाही? मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं असं माझं निरीक्षण आहे. मुलग्याने संगणक दुरुस्त केला तर तो ‘कामं घेतो’, मुलीने केला तर ती ‘गुणी आहे, मदत करते’.

सचिवकाकांनी आतापर्यंत वापरलं त्याचे पैसे मागू नकोस, ते प्रेमाने दिलेलं होतं. नवं काम मात्र नव्या बोलीवर कर. सहकारी संस्थेत सचिव एकट्याच्या मनाने पैसे देऊ शकत नाही. मासिक सभेत विषय घ्यावा लागतो, ठराव होतो, मग बिलावर चेक निघतो. म्हणून तोंडी न बोलता कागद द्यायचा. तो कसा लिहायचा ते शेवटी देते. चेअरमन म्हणतील, ‘पोरगी आपल्याच गावची, पैसे कशाला?’ त्यावर तू हसून एवढंच म्हण, ‘काका, गावची आहे म्हणून तर अडलं की दहा मिनिटांत येईन. बाहेरच्याला बोलावलंत तर गाडीखर्चासकट घेईल.’ आणि गप्प बस. रक्कम सांगून झाल्यावर शांत बसणं जमलं पाहिजे. आपणच घाईने ‘नाहीतर कमी करते’ म्हणून मोकळ्या होतो.

एक डेअरी झाली की शेजारच्या गावची विचारायला येईल. तशीच आणखी कामं तुझ्या आसपास पडलेली आहेत. जुन्या छापखान्यांकडे आणि साप्ताहिकांकडे वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलाय. दिसतो मराठी, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे शोधता येत नाही, मोबाइलवर टाकला की अक्षरांचा काला होतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणणारा प्रोग्राम लिहिणं तिसऱ्या वर्षाच्या मुलीला जमण्यासारखं आहे. खरी कसोटी लागते ती पहिल्या वेलांटीला, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर यावी लागते. शिवाय रफार आणि जोडाक्षरं आहेतच. कुपवाड किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना स्टॉक आणि बिलिंग नीट लावून हवं असतं. त्यासाठी ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा स्टॉक, बिलं, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर शिकून ठेव. मुंबईच्या फ्रापे कंपनीने केलेलं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो, आणि त्याचा बराचसा भाग पायथनमध्येच आहे. ते बसवून देणाऱ्या, त्यात बदल करून देणाऱ्या छोट्या कंपन्यांना शिकाऊ हात लागतात, आणि ईआरपीनेक्स्टचा कोड उघडून पाहिलेली विद्यार्थिनी त्यांना रोज भेटत नाही.

अशा कंपन्यांना ईमेल करायचं तर ओळख लागत नाही. ‘आदरणीय सर, मला संधी द्यावी’ असलं तर मुळीच लिहू नकोस. पाच वाक्यं पुरतात. ‘मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या दूध संस्थेची बिलं मी लिहिलेल्या प्रोग्रामवर निघतात, त्याचा कोड इथे आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमधला अमुक भाग मी वापरून पाहिला, त्यात मला ही अडचण दिसली. जानेवारीपासून आठवड्याला पंधरा तास आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करू शकते. स्टायपेंड असलेली इंटर्नशिप आहे का, हे कळवाल का?’ हेच इंग्रजीत लिही आणि प्रत्येक कंपनीसाठी तिसरं वाक्य खरोखर वेगळं कर. आठवड्याला पाच ईमेल धर. पहिल्या वीसांतून एखादं उत्तर आलं तरी वाईट नाही. आठ दिवसांनी एकदा आठवण करायची, मग सोडून द्यायचं. लिंक्डइन आणि इंटर्नशालावरही बघत जा. इंटर्नशालावर स्टायपेंडचा आकडा सहसा जाहिरातीतच असतो, आणि दोन्हीकडे अर्ज करायला पैसे लागत नाहीत.

पुण्यात बोलावलं तर हिशोब आधी कर. कॉट बेसिसवर जागा आणि मेस धरली की महिन्याचे आठ-दहा हजार सहज जातात. त्याहून कमी स्टायपेंडवर तिथे राहून काम केलंस तर उरलेले पैसे बाबा भरणार, म्हणजे ते ५,९९९ वेगळ्या वाटेने गेल्यासारखेच. अशा ठिकाणी घरून काम करता येईल का असं विचार, किंवा नाही म्हण. ऑफर लेटरवर स्टायपेंडची रक्कम, कोणत्या तारखेला मिळणार आणि तास हे तिन्ही लिहिलेलं हवं. ‘आधी तीन महिने बघू, मग स्टायपेंड’ याला हो म्हणू नकोस. पॅन कार्ड काढून ठेव. काही कंपन्या स्टायपेंड व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवतात आणि १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तुझं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात, ते सोडून देऊ नकोस.

उन्हाळ्यासाठी आणखी काही ठिकाणं आहेत, आणि तिथे कॉलेजचं नाव विचारत नाहीत. पहिलं नाव मुंबई आयआयटीच्या फॉसीचं, म्हणजे शिक्षणात ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणण्याच्या प्रकल्पाचं. त्यांच्या समर फेलोशिपला आधी काही कामं करायला देतात आणि निवड त्या कामांवरून होते. त्यांचा ओस्डॅग हा प्रकल्प पोलादी बांधकामाच्या डिझाइनसाठी आहे, पण तो पायथनमध्ये असल्यामुळे कॉम्प्युटरच्या मुलांना त्यात भरपूर काम असतं. स्टायपेंड मिळतो, आणि या नावाचं सर्टिफिकेट तुझ्या कॉलेजात कुणी नाकारणार नाही. दुसरं, आउटरीची. तंत्रज्ञानात ज्यांची संख्या कमी आहे, ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, अशांसाठी ही घरून करायची इंटर्नशिप आहे आणि तिचा स्टायपेंड ७,००० डॉलर आहे. मे ते ऑगस्टच्या फेरीचा पहिला अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला भरावा लागतो. त्यात स्वतःच्या परिस्थितीबद्दल लिहायला सांगतात. तिथे सजवून लिहू नकोस. घरी नेट किती चालतं, वर्गात मुली किती, एकच लॅपटॉप भावाबरोबर कसा वाटून घेता, जे असेल ते तसंच लिही. तिसरं, गूगल समर ऑफ कोड, म्हणजे ओपन सोर्स संस्थांसाठी कोड लिहायचा गूगलचा कार्यक्रम. २००५ पासून चालू आहे, संस्थांची यादी फेब्रुवारीत लागते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, आणि मानधन देशागणिक ठरतं. यादी लागल्यावर धावपळ करणारे बहुतेक मागे पडतात. आताच एखादा प्रकल्प निवड, त्यातल्या छोट्या चुका दुरुस्त करून पाठव, म्हणजे मार्चपर्यंत तिथली माणसं तुला ओळखू लागतील. तुला ओळखी नाहीत म्हणतेस ना, त्या अशा होतात. तिन्हीकडे एकदम उडी मारू नकोस. माझं मत विचारशील तर फॉसी नक्की, आणि बाकी दोघांतलं एक.

सरकारी योजनांचे मेसेज तुला येत असतील. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या दोन्ही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाहीत, तेव्हा आता त्यात वेळ घालवू नकोस. पदवीनंतर एनएटीएस या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवार योजनेमार्फत अप्रेंटिसशिप करता येते, तिला कायद्याने किमान स्टायपेंड ठरलेला असतो, एवढं लक्षात ठेव. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारचे काही तास मानधनावर काम मिळतं का, हेही विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये तुझ्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्था काढली, आणि कष्ट करून शिकण्यात कमीपणा नाही हे त्यांनी या भागाला शिकवलं. ‘कमवा आणि शिका’ शिवाजी विद्यापीठात आजही आहे. तुझ्या प्राचार्यांना हा विचार नवा असणार नाही.

आता डेअरीसाठीचा कागद. तो मराठीतच दे, असा:

‘मा. चेअरमन व संचालक मंडळ यांस. संस्थेच्या दूधबिलासाठी नवीन संगणक प्रोग्राम करून देण्याबाबत. यात दोन्ही वेळचं संकलन, गाय व म्हैस यांची दरपत्रकं, दर दहा दिवसांची बिलं, पेंड व ॲडव्हान्सची कपात, मध्येच दर बदलल्यास त्याचा हिशोब आणि रोजचा बॅकअप एवढी कामं येतील. काम सहा आठवड्यांत पूर्ण होईल. पहिले तीन बिल-कालावधी जुनी व नवी पद्धत बरोबर चालवून रकमा ताडून दाखवल्या जातील. खर्च १२,००० रुपये. पैकी ४,००० कामाच्या सुरुवातीला, ४,००० प्रोग्राम बसवल्यावर, ४,००० तिन्ही बिलं जुळल्यावर. पहिलं एक वर्ष दुरुस्ती विनामूल्य, त्यानंतर वर्षाला ३,००० रुपये. यात नसलेलं नवीन काम निघाल्यास त्याचा खर्च आधी लेखी कळवला जाईल. काम पूर्ण झाल्यावर संस्थेने लेटरहेडवर कामाचा दाखला द्यावा, ही विनंती.’

खाली तारीख, सही, पॅन आणि बँक खाते. आकडे मी माझ्या अंदाजाने घातलेत. तुझ्या डेअरीचं रोजचं संकलन किती, गवळी किती, यावर ते वर-खाली होतील. म्हणून द्यायच्या आधी हा कागद रात्री गिरणी बंद झाल्यावर बाबांना दाखव आणि रक्कम त्यांच्याशी बोलून ठरव. गावात कुणाला किती दर परवडतो, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.